देवाजीच्या जागी

मधुकरराव ठवकर नागपुरात कळमन्याच्या मार्केट यार्डातल्या एका कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर होते. चांगला माणूस म्हणून त्या भागात त्यांचं नाव होतं. हमालाच्या पोराला शाळेत घालायचं असो की कोणाला दवाखान्यात ओळख काढायची असो, लोक आधी मधुकररावांकडे यायचे. त्यांनाही ते आवडायचं. तोंडावर कोणाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

स्टोरेजचे मालक भैयाजी. त्यांची इतवारीत वडिलोपार्जित पेढी होती. ते संध्याकाळी एक चक्कर टाकायचे, खुर्चीवर न बसताच दोन प्रश्न विचारायचे आणि निघून जायचे. बाकी सगळा कारभार मधुकररावांच्या हाती.

कोल्ड स्टोरेजचा जीव म्हणजे मशीन रूम. तिथे अमोनियाचे कॉम्प्रेसर अहोरात्र चालायचे आणि ते सांभाळायला ऑपरेटर दोनच होते, एक देवाजी आणि दुसरा धम्मदीप. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी, आठवडा संपला की अदलाबदल. देवाजी सावनेरकडचा, पन्नाशीला टेकलेला, बोलका माणूस. घरात काय शिजलं इथपासून सासऱ्याच्या भांडणापर्यंत सगळं तो ऑफिसात येऊन सांगायचा. धम्मदीप कुहीचा. आयटीआय करून लागलेला, बायको आणि लहान लेकीला घेऊन भरतवाड्यात खोली करून राहायचा. त्याच्याविषयी याच्यापलीकडे कोणाला काही माहीत नव्हतं, कारण तो सांगायचा नाही.

देवाजीच्या बायकोच्या, प्रेमिलाच्या, दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा तो ऑफिसात येऊन लहान मुलासारखा रडला. आता दिवसाआड डायलिसिस करावं लागेल, घरात दुसरं कोणी नाही, तिला नेणं-आणणं आपल्यालाच करावं लागेल, असं त्याने सांगितलं. मधुकरराव दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात गेले. प्रेमिला मशीनला लावलेली होती. चेहरा सुजलेला, हात बर्फासारखे. तिने त्यांना ओळखलं आणि नवऱ्याकडे बघत एवढंच विचारलं, "यायची नोकरी तर राहीन ना साहेब?"

मधुकररावांनी तिला शब्द दिला.

भैयाजींना ते पटलं नाही. दर दुसऱ्या दिवशी अर्ध्या पाळीतून निघून जाणारा ऑपरेटर काय कामाचा, असं ते म्हणाले. माणुसकीच्या नावाने काही दिवस पगारी सुट्टी द्या, नंतर दुसरा माणूस बघा, असंही म्हणाले. मधुकरराव आयुष्यात पहिल्यांदा मालकासमोर आवाज चढवून बोलले. पंधरा वर्षं राबलेल्या माणसाला अशा वेळी काढलं तर आपण आरशात तोंड कसं पाहायचं, असं त्यांनी विचारलं. कामात तसूभर फरक पडणार नाही, ती जबाबदारी माझी, असंही सांगितलं. भैयाजी "ठीक आहे, आप जानो," म्हणून गाडीत बसले.

ही हकीकत हमालांमध्ये पसरायला वेळ लागला नाही. यार्डातले लोक मधुकररावांना रस्त्यात थांबवून नमस्कार करू लागले.

त्याच संध्याकाळी मधुकररावांनी धम्मदीपला बोलावून देवाजीची अडचण सांगितली. डायलिसिसच्या दिवशी देवाजी नसेल तेवढा वेळ तू थांबत जा, ओव्हरटाइम मिळेल, असं म्हणाले. धम्मदीपने खाली बघत ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिवस साहेब?" मधुकरराव म्हणाले, आता ते कसं सांगणार, बिचारीचं सगळं देवाच्या हातात. धम्मदीपने मान डोलावली.

मग ते सुरू झालं. रात्रपाळी करून धम्मदीप सकाळी निघायच्या बेतात असायचा तेव्हा देवाजीचा फोन यायचा की आज लवकर बोलावलंय, आणि तो दुपारपर्यंत तिथेच राहायचा. त्याची दिवसपाळी असली की संध्याकाळी देवाजी दवाखान्यातून थेट यायचा, पण दमलेला, डोळे लाल झालेले. त्याला बघून धम्मदीप स्वतःच म्हणायचा, पडा जराशिक, मी आहो. देवाजी मशीन रूमच्या मागच्या बाकावर झोपायचा. मधुकरराव जाता-येता हे बघायचे. दोघा माणसांमध्ये असा जिव्हाळा बघून त्यांना बरं वाटायचं. एका लग्नात त्यांनी तो किस्सा चार लोकांना सांगितलासुद्धा.

थंडी सरता सरता धम्मदीपने एका दिवसाची सुट्टी मागितली. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच काही मागत होता. मधुकररावांनी सहज कारण विचारलं तेव्हा कळलं की त्याची बायको पायल पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे भरतवाड्याच्या ले-आऊटमधल्या मोकळ्या प्लॉटांवर धावायची. आता तिच्या मैदानी चाचणीची तारीख आली होती. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती होती. लेकीला सांभाळायला धम्मदीपला घरी थांबायचं होतं. मधुकररावांनी तिथल्या तिथे सुट्टी मंजूर केली. वर "तुझी बायको फौजदार झाली तर आम्हाले ओळख दाखवजो गा," अशी थट्टाही केली. धम्मदीप हसला. तो हसताना कसा दिसतो हे मधुकररावांनी तेव्हाच पाहिलं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी देवाजीचा फोन आला. प्रेमिलाच्या हाताला टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नव्हतं आणि दवाखान्याने तिला भरती करून घेतलं होतं. उद्या मी येऊ शकत नाही साहेब, म्हणून तो रडत होता. मधुकररावांनी जेवण तसंच ठेवलं आणि धम्मदीपला फोन लावला.

धम्मदीपने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, उद्या पायलचं ग्राउंड आहे."

"माहीत आहे मले," मधुकरराव म्हणाले. "पण भरती पुन्हा निघेन गा. ती बाई गेली तर पुन्हा येणार आहे का?"

पलीकडे कुजबुज झाली आणि फोन पायलने घेतला. तिचा आवाज शांत होता. वयाचं तिने पुन्हा सांगितलं. गेल्या कित्येक महिन्यांत धम्मदीप वेळेवर घरी आलेला नाही, त्यामुळे कित्येक पहाटे आपल्याला धावायला जाता आलं नाही, लेक झोपलेली असताना बाहेरून कडी लावून आपण धावून आलोय, हेही सांगितलं. मधुकररावांनी तिला प्रेमिलाच्या सुजलेल्या चेहऱ्याचं वर्णन ऐकवलं. बाईच्या जातीने तरी बाईचं दुःख समजून घ्यावं, असं म्हणाले.

"मले समजते साहेब," पायल म्हणाली. "इतकं समजते, तर उद्याच्या दिवस तुम्ही उभे राहा ना मशीनवर."

मधुकररावांना मशीन चालवता येत नव्हतं. ते त्यांनी तिला सांगितलंही, पण बोलणं त्यांना झोंबलं. फोन ठेवल्यावर त्यांनी बायकोला म्हटलं, आजकालच्या पोरींना मोठ्या माणसाशी कसं बोलावं ते कळत नाही.

धम्मदीप दुसऱ्या दिवशी कामावर आला. पायल लेकीला कडेवर घेऊन मैदानावर गेली. पुढे काय झालं ते मधुकररावांना एका हमालाकडून कळलं, कारण त्याची भाचीही त्याच भरतीला होती. पहाटेपासून रांगेत बसवलं होतं आणि पायलचा नंबर ऊन चढल्यावर आला. लेकीला तिने फाटकाबाहेर एका अनोळखी बाईजवळ दिलं. धावपट्टीवर उभी राहिली तेव्हा लेकीचं रडणं मैदानात ऐकू येत होतं. पायलने धावताना दोनदा मागे वळून बघितलं. थोडक्यासाठी तिची भरती हुकली.

मधुकररावांना वाईट वाटलं. माल ठेवायच्या चेंबरमधून त्यांनी चांगल्या सफरचंदांची एक पेटी काढवली, पैसे आपल्या नावावर लिहायला सांगितले आणि पोरीसाठी म्हणून धम्मदीपला दिली. संध्याकाळी ते घरी निघाले तेव्हा पेटी वॉचमनच्या खोलीत पडलेली होती. विसरला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

त्यानंतर धम्मदीप पहिल्यासारखाच काम करत राहिला. थांबायला सांगितलं की थांबायचा. फक्त आता तो "मी आहो" असं म्हणत नसे.

मे महिन्यात व्हायचं ते झालं. फ्रोझन मटारच्या चेंबरमधून गाड्या भरणं चालू होतं, त्यामुळे दार दुपारभर उघडझाप होत होतं. बाहेर ऊन असं की ट्रकच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. पाळी देवाजीची होती, पण तो सकाळीच प्रेमिलाला घेऊन गेला होता. रात्रभर काम केलेला धम्मदीप त्याच्या जागी बसलेला होता. दुपारी व्होल्टेज खाली-वर झालं आणि कॉम्प्रेसर बंद पडले. मशीन रूममध्ये एरवी कानठळ्या बसतील एवढा आवाज असतो. मशीन बंद पडली की ऑपरेटर त्या शांततेनेच दचकून जागा होतो. धम्मदीप स्टुलावर बसल्या बसल्या झोपला होता. शांतता झाली तशी त्याला आणखी गाढ झोप लागली.

एका हमालाने पोतं उचललं तेव्हा ते हाताला मऊ लागलं. त्याने ओरडून सांगितलं, लोक मशीन रूमकडे धावले, पण तोवर चेंबरमधल्या पुढच्या सगळ्या मालाचा बर्फ सुटला होता. मटार एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले होते आणि जमिनीवर हिरवट पाणी साचलं होतं. ज्या व्यापाऱ्यांचा माल होता ते तासाभरात फाटकावर जमले.

भैयाजी त्या दिवशी पहिल्यांदाच ऑफिसात खुर्चीवर बसले. त्यांनी दोन्ही ऑपरेटरांना बोलावून विचारलं की पाळी कोणाची होती. देवाजीने जमिनीकडे बघत सांगितलं की आपण धम्मदीपला सांगून गेलो होतो. खोटं त्यात काहीच नव्हतं. धम्मदीपने झोप लागल्याचं कबूल केलं. तो कालपासून घरी गेलेला नाही, हे दोघांपैकी कोणी बोललं नाही. मधुकररावांना ते माहीत होतं. आता सांगावं असं त्यांच्या मनात आलंही. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न, त्याला कोणी थांबवलं, हा आला असता.

दोघांना बाहेर पाठवून भैयाजी म्हणाले, "एक सो गया, एक आया नहीं. दोघांपैकी एक जाईल. कोण, ते तुम्ही सांगा मधुकरराव. दोघांच्या घरचं तुम्हालाच माहीत आहे."

ते रागावलेले नव्हते. मधुकररावांनी वेळ मागितला, तोही त्यांनी दिला. रात्री मधुकररावांनी मनाशी पुष्कळ उलटसुलट विचार केला. देवाजीला काढलं तर या वयात त्याला कोण ठेवणार, आणि नोकरीबरोबर प्रेमिलाचा उपचार जाणार. धम्मदीप तरुण आहे, हातात सर्टिफिकेट आहे, कुठेही लागेल. तिसरं एक नाव होतं, कारण सगळी जबाबदारी माझी असं भैयाजींना सांगणारा माणूस तिसराच होता. त्या नावाशी ते थोडा वेळ थांबले. घरी स्वतःच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. सकाळी त्यांनी धम्मदीपचं नाव सांगितलं.

धम्मदीपला सांगताना त्यांनी खूप बोलून घेतलं. नाइलाज आहे, दुसरीकडे शिफारशीची चिठ्ठी देतो, तुझ्या कामाविषयी माझ्या मनात काही नाही, असं सगळं. धम्मदीपने ते पुरतं ऐकलं.

"झोप लागली हे खरं आहे साहेब. त्याच्यावर माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "पण देवाजीची दया तुमाले आली अन् ड्यूटी मी केली. इतक्या दिवसांत एक खेप तरी विचारायचं होतं, की धम्मदीप, तू झोपतं केव्हा गा?"

मधुकररावांनी टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला आणि पुन्हा ठेवला. धम्मदीप गेला. चिठ्ठी न्यायला तो आला नाही.

त्याच्या जागी माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराने एक माणूस पाठवला. तो वेळेवर यायचा आणि वेळ झाली की डबा उचलून चालू लागायचा. दुसऱ्यासाठी थांबायचा प्रश्नच नव्हता. थांबा म्हटलं की ठेकेदाराशी बोला, म्हणायचा. भैयाजींनीही आता पाळीतून निघून गेलेलं चालणार नाही, असं बजावलं होतं. देवाजीची नोकरी शाबूत राहिली, पण दिवसपाळीच्या आठवड्यात प्रेमिलाला दवाखान्यात न्यायला तो उरला नाही.

शेजारची सत्यवती म्हणून एक बाई प्रेमिलाबरोबर जाऊ लागली. एके दिवशी सत्यवतीच्या घरी पाहुणे आले आणि प्रेमिला एकटीच गेली. डायलिसिस झाल्यावर तिला नेहमीच गरगरायचं. ऑटो बघायला ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिथेच कोसळली. कमरेचं हाड मोडलं.

देवाजी ऑफिसात आला तो नोकरी सोडतो हे सांगायला. या वेळी तो रडला नाही. मधुकररावांनी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही.

"त्या पोराले काहून काढलं साहेब?" त्याने विचारलं. "तो होता तर माझं चालून राहिलं होतं."

मधुकरराव थक्क झाले. तुझी नोकरी वाचावी म्हणूनच काढलं ना, असं ते कसंबसं म्हणाले.

"नोकरी वाचवली तुम्ही," देवाजी म्हणाला. "मी तोंड उघडलं नाही तिकून, तुम्ही उघडलं नाही इकून. अन् गेला तो."

प्रेमिलाला घेऊन तो सावनेरला गेला. दिवाळीच्या आधी ती वारली. मधुकररावांना कोणी कळवलं नाही. यार्डात दोन हमाल बोलत होते, ते त्यांच्या कानावर पडलं तेव्हा तेरवीही होऊन गेली होती.

ठेकेदाराची माणसं बदलत राहिली. एक गेला की दुसरा यायचा, त्याला मशीन कळेपर्यंत तोही जायचा. दोनदा अमोनियाचा वास थेट फाटकापर्यंत आला. शेवटी भैयाजीच म्हणाले, तो आपला जुना पोरगा बघा, त्याला मशीनची नस माहीत होती. पगार थोडा वाढवून द्या.

धम्मदीप भरतवाड्याची खोली सोडून गावी परतला होता. मधुकरराव स्कूटर घेऊन कुहीला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालू होती. जाताना त्यांना हलकं वाटत होतं. आपल्या हातून बिघडलेलं आपल्याच हाताने नीट करायची संधी मिळाली आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

घर सापडलं. दारात पायल उभी होती. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ऐकला आणि ओळखलं. उंच, काटक बाई. तिने खुर्ची टाकली, पाणी दिलं. धम्मदीप राईस मिलवर आहे, येईलच जेवायला, असं सांगितलं. लेक ओसरीवर तांदळात खेळत होती.

मधुकररावांनी येण्याचं कारण सांगितलं. पायल उंबऱ्याला टेकून ऐकत होती.

"अडचण आमची ऐकली म्हणून आले साहेब, का तुमची झाली म्हणून?"

मधुकरराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "चुकलं माझं, पायल."

"कोणतं?" तिने विचारलं.

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती, आणि उत्तराची वाट बघत होती. मधुकरराव मनाशी उत्तर जुळवू लागले. सुट्टी परत घेतली ते, की फोनवर बोललो ते, की भैयाजींसमोर गप्प बसलो ते, की पहिल्या संध्याकाळी धम्मदीपला बोलावलं तेच? एक धरलं की दुसरं सुटत होतं. तांब्या उचलून ते पुन्हा पाणी प्यायले.

एवढ्यात धम्मदीप आला. अंगभर कोंड्याची धूळ. त्याने हात जोडून नमस्कार केला, चहा ठेवायला सांगितला, यार्डातल्या लोकांची नावं घेऊन चौकशी केली. देवाजीच्या बायकोचं त्याला आधीच कळलं होतं. तेरवीला तो सावनेरला जाऊनही आला होता. मधुकररावांनी नोकरीचं सांगितलं, पगाराचंही. धम्मदीप म्हणाला, मिलवर पैसे कमी आहेत, पण अंधार पडायच्या आत घरी येतो. पायल आता गावातल्या पोरींना पहाटे धावायला शिकवते, तेव्हा लेकीजवळ कोणीतरी लागतं.

"पुन्हा विचार करून पाह्य," मधुकरराव म्हणाले.

"केला साहेब," धम्मदीप म्हणाला. त्याने त्यांना रस्त्यापर्यंत सोडलं आणि जेवायला घरात गेला.

संध्याकाळी भैयाजी आले तेव्हा मधुकररावांनी त्यांना सांगितलं की धम्मदीप घरी भेटला नाही, गाव सोडून कुठे गेला म्हणतात. भैयाजींनी फारसं मनावर घेतलं नाही. दुसरा बघा म्हणाले, पण या वेळी एकटा-दुकटा बघा, ज्याच्या मागे घरचं काही नसेल असा.

मधुकरराव "हो" म्हणाले आणि ठेकेदाराचा नंबर शोधू लागले.